लॅब टेक्निशियनचे शिक्षण : हप्ता किती, पगार किती

बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामात शिरण्याचे मुख्यतः तीन रस्ते आहेत. पहिला डीएमएलटीचा, म्हणजे बारावीनंतरच्या साधारण दोन वर्षांच्या पदविकेचा. दुसरा चार वर्षांच्या पदवीचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी आहे. खाजगी आणि अभिमत विद्यापीठे तशीच पदवी बीएमएलटी किंवा बी.एस्सी. एमएलटी या नावाने देतात. तिसरा रस्ता जुना आणि हल्ली थोडा मागे पडलेला. साध्या महाविद्यालयातून मायक्रोबायॉलॉजी, रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची आणि त्यावर वर्षभराचा डीएमएलटी करायचा. तालुक्याच्या गावातल्या लॅबच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली 'बी.एस्सी., डीएमएलटी' ही अक्षरे दिसतात, ती या तिसऱ्या रस्त्याची.

तिन्ही रस्ते शेवटी त्याच टेबलाशी येतात. रक्त घ्यायचे, नळीवर नाव आणि क्रमांक टाकायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करायचे, सेल काउंटर आणि बायोकेमिस्ट्री ॲनालायझर चालवायचे, स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रोज सकाळी कंट्रोल लावून यंत्र बरोबर मोजते आहे की नाही याची खात्री करायची. पहिल्या नोकरीत पदवीवाला आणि पदविकावाला शेजारी शेजारी बसून हेच काम करतात. पगारातला फरक मात्र कधी मोठा असतो आणि कधी शून्य. तो केव्हा मोठा आणि केव्हा शून्य, हे कळल्याशिवाय कोणत्या शिक्षणासाठी किती कर्ज काढावे याचे उत्तर निघत नाही.

शुल्काची तफावत प्रचंड आहे. अनुदानित महाविद्यालयातली बी.एस्सी. वर्षाला काही हजारांत होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली बीपीएमटीची जागाही परवडणारी असते, पण जागा थोड्या. खाजगी संस्थेतल्या पदवीचे शुल्क वर्षाला लाखाच्या घरात आणि त्यापुढेही जाते. वसतिगृह, मेस, ॲप्रन आणि परीक्षा शुल्क त्यावर. माहितीपत्रकात पहिल्या वर्षाचे शुल्क ठळक छापलेले असते आणि घरातली चर्चाही बहुधा त्याच आकड्यावर होते. कर्जाच्या दृष्टीने तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. पाहायचा तो आकडा म्हणजे शिक्षण संपून नोकरी लागल्यावर दर महिन्याला कापला जाणारा हप्ता.

राष्ट्रीयीकृत बँकांची शैक्षणिक कर्जे इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेवर बेतलेली असतात. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि पदरचा वाटाही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पत हमी योजनेचे संरक्षण असल्याने बँकेने तारण मागू नये असे अपेक्षित आहे. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. त्यामुळे हप्ते थकले तर मुलाबरोबर त्यांचाही सिबिल स्कोअर पडतो. परतफेड शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते आणि ती पंधरा वर्षांपर्यंत लांबवता येते. मधल्या काळाला बँकेत मोरेटोरियम म्हणतात. या काळात हप्ता नसतो, व्याज मात्र पहिला चेक निघाला त्या दिवसापासून धावू लागते. अनेक घरांत हीच गोष्ट उशिरा लक्षात येते.

एक हिशेब पूर्ण करून पाहण्यासारखा आहे. चार वर्षांच्या पदवीसाठी पहिली तीन वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख असे साडेचार लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर 10 टक्के धरला. इंटर्नशिपचे चौथे वर्ष आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष धरून परतफेड पाच वर्षांनी सुरू होईल. तोवर पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे आणि तिसऱ्यावर तीन वर्षांचे सरळव्याज साचते. ते अनुक्रमे 75,000, 60,000 आणि 45,000 रुपये, म्हणजे एकूण 1,80,000 रुपये होते. हे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि पहिला हप्ता ठरतो तो 6,30,000 रुपयांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे 8,326 रुपये बसतो आणि एकूण भरणा जवळजवळ दहा लाखांवर जातो. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता 6,770 रुपयांवर उतरतो, पण भरणा बारा लाखांपुढे जातो. साडेचार लाखांचे शिक्षण दहा-बारा लाखांना पडते, ते असे.

आता दोन वर्षांच्या पदविकेचा हिशेब. वर्षाला पन्नास हजार, म्हणजे एकूण एक लाखाचे कर्ज. परतफेड तीन वर्षांनी सुरू होते. तोवरचे व्याज 25,000 रुपये. 1,25,000 रुपये पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 2,656 रुपये आणि एकूण भरणा 1,60,000 रुपयांच्या आत. शिवाय पदविकावाला दोन वर्षे आधी कमावू लागतो. पदवीचे खरे मोल काढताना ही दोन वर्षांची न मिळालेली कमाईही खर्चाच्या बाजूला मांडावी लागते. ती सहसा कोणी मांडत नाही.

तिसऱ्या रस्त्याला, म्हणजे बी.एस्सी.नंतरच्या डीएमएलटीला, चारच वर्षे लागतात आणि कर्जाची गरज बहुतेक घरांत एका वर्षापुरतीच पडते. वेळ पदवीइतकाच आणि कर्ज पदविकेइतके, असा हा मार्ग आहे. त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यातून कोणत्याही एका संस्थेला चार वर्षांचे शुल्क मिळत नाही.

कमाईची बाजू पाहताना सरकारी जाहिराती उपयोगी पडतात, कारण त्यात आकडा छापलेला असतो. 2023 च्या जिल्हा परिषद भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ या पदाला 35,400 ते 1,12,400 रुपये ही वेतनश्रेणी होती. मूळ वेतनावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. त्याच राज्यात, बहुतेक त्याच तपासण्या करणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लॅब टेक्निशियनसाठी अनेक जिल्ह्यांच्या जाहिरातींत दरमहा 17,000 रुपये एकत्रित मानधन दिसते. एकाच ग्रामीण रुग्णालयात, एकाच खोलीत हे दोघे काम करताना आढळतात. कायम पदाचे मूळ वेतनच कंत्राटी मानधनाच्या दुपटीहून जास्त आहे, आणि हा फरक पदवी-पदविकेमुळे नव्हे, तर नेमणुकीच्या प्रकारामुळे पडलेला आहे. खाजगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार गाव, मालक आणि कामाचे तास यांवर ठरतो. छोट्या गावात तो या कंत्राटी मानधनाच्याही खाली असू शकतो.

हप्ता आणि पगार शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. 8,326 रुपयांचा हप्ता 17,000 रुपयांतून गेला तर जवळजवळ निम्मा पगार गेला. उरलेल्या साडेआठ हजारांत पुण्यात किंवा ठाण्यात खोलीभाडे आणि डबा भागवणे कठीणच. कायम नोकरीच्या नुसत्या मूळ वेतनाशी ताडला तर तोच हप्ता 24 टक्क्यांच्या आत येतो आणि भत्ते धरले तर आणखी हलका होतो. पदविकेचा 2,656 रुपयांचा हप्ता कंत्राटी मानधनाच्या सोळा टक्क्यांखाली राहतो.

हप्ता पगाराच्या किती टक्के असावा, याला भारतात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी काही सरकारी मोजपट्टी नाही. अमेरिकेत नोकरीभिमुख अभ्यासक्रमांसाठी केंद्रीय शिक्षण विभागाने 2023 च्या नियमात एक मोजपट्टी लावली होती. पदवीधरांचा वार्षिक कर्जहप्ता त्यांच्या वार्षिक कमाईच्या 8 टक्क्यांत, किंवा जगण्याचा किमान खर्च वगळून उरलेल्या कमाईच्या 20 टक्क्यांत बसला पाहिजे. हे आठ टक्के 17,000 रुपयांना लावले तर हप्ता 1,360 रुपये निघतो आणि दहा वर्षांच्या मुदतीत तो जेमतेम एक लाखाच्या कर्जाला पुरतो. आपल्याकडे नोकरीची पहिली वर्षे बरीच मुले आईवडिलांच्या घरी राहून काढतात, म्हणून मोजपट्टी थोडी सैल करून वीस टक्के धरायला हरकत नाही. तसे केले तर हप्ता 3,400 रुपये आणि परतफेडीच्या पहिल्या दिवशीचे देणे सुमारे 2,57,000 रुपये. साचणारे व्याज मागे नेऊन वजा केले की चार वर्षांच्या पदवीसाठी मुळात काढता येणारे कर्ज येते 1,84,000 रुपयांच्या आसपास. ज्या घरात हप्त्याला दुसरा आधार नाही, तिथे खाजगी पदवीसाठी याहून मोठे कर्ज म्हणजे कायम सरकारी नोकरी लागेलच, या गृहीतावर घेतलेली उडी ठरते.

अशी गृहीते धरताना भरतीचे वेळापत्रक पाहावे. जिल्हा परिषद आणि आरोग्य विभागाच्या भरत्या ठरलेल्या वर्षी होत नाहीत. दोन भरत्यांमध्ये काही वर्षे जातात, परीक्षा पुढे ढकलल्या जातात. राज्य सेवेत खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 ही वयोमर्यादा असल्याने संधी बराच काळ खुली राहते खरी. बँकेचा हप्ता मात्र जाहिरातीची वाट पाहत नाही.

इथे पदवीच्या बाजूचा खरा मुद्दा येतो. सरकारी पदांची पात्रता पदवीवर अडते. जिल्हा परिषदेच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदासाठी विज्ञान शाखेची पदवी मागितली जाते; आरोग्य विभागातल्या प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी पदासाठी बी.एस्सी.सह डीएमएलटी किंवा प्रयोगशाळा विषयातली पॅरामेडिकल पदवी. बारावीनंतर थेट पदविका केलेला विद्यार्थी कामात कितीही तरबेज असला तरी या दारातून आत जाऊ शकत नाही. म्हणजे पदवी हवीच. पण ती साडेचार लाखांची असली पाहिजे असे नाही. अनुदानित महाविद्यालयातली बी.एस्सी. आणि त्यावरचा मान्यताप्राप्त डीएमएलटी याच दारात उभा करतो.

खाजगी क्षेत्रात पदवीचे वजन त्याहून कमी आहे. रक्तपेढीचे उदाहरण बोलके आहे, कारण तिथली पात्रता कायद्याने ठरलेली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 प्रमाणे रक्तपेढीच्या टेक्निशियनकडे प्रयोगशाळा तंत्रज्ञानातली पदवी आणि रक्त तपासणीचा सहा महिन्यांचा अनुभव हवा, किंवा पदविका आणि एक वर्षाचा अनुभव. कायद्याच्या लेखी या कामापुरते पदवी आणि पदविका यांतले अंतर सहा महिन्यांच्या अनुभवाचे आहे. त्या अंतरासाठी आधीच्या उदाहरणात एका बाजूला दहा लाख आणि दुसऱ्या बाजूला एक लाख साठ हजार भरावे लागतात. त्यात दोन वर्षांची हुकलेली कमाई, 17,000 च्या हिशेबाने चार लाखांहून थोडी जास्त, मिळवली की फरक साडेबारा लाखांच्या आसपास जातो. तो दहा वर्षांत भरून निघायचा तर पदवीवाल्याला पदविकावाल्यापेक्षा दरमहा दहा हजारांहून जास्त पगार, तोही पहिल्या महिन्यापासून, मिळायला हवा. एकाच टेबलावर काम करणाऱ्या दोघांत एवढा फरक खाजगी लॅब करत नाही.

खाजगी क्षेत्रात पगार वाढतो तो कौशल्याने. आज मोठ्या साखळ्यांच्या लॅबमध्ये नमुने गावोगावच्या कलेक्शन सेंटरवरून एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत येतात. थायरोकेअरने नवी मुंबईत तुर्भे इथे उभी केलेली लॅब या पद्धतीचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. राज्याच्या सरकारी दवाखान्यांतल्या तपासण्यांचा मोठा भाग 'महालॅब' योजनेतून अशाच साखळीकडे गेला आहे. याचा परिणाम असा की गावातल्या केंद्रावरच्या टेक्निशियनकडे रक्त घेणे, नळ्या भरणे आणि बारकोड चिकटवणे एवढेच उरते. ते काम लवकर शिकता येते आणि म्हणून त्याचा पगार वाढत नाही. उलट मध्यवर्ती लॅबमध्ये ॲनालायझरचे कॅलिब्रेशन, कंट्रोलच्या आलेखावरून चूक ओळखणे, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या तपासणीसाठी आयएसओ 15189 प्रमाणे दस्तऐवज ठेवणे, पीसीआर, हिस्टोपॅथॉलॉजीतले ऊतींचे काप, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी ही कामे येणारी माणसे टिकतात आणि वर चढतात. त्यामुळे कोणत्याही अभ्यासक्रमाबाबत पहिला प्रश्न रुग्णालयाचा असावा. संस्थेला जोडून चालते रुग्णालय आहे का, तिथे रोज किती नमुने येतात आणि विद्यार्थ्याला त्यांना हात लावू देतात का? इमारत आणि वातानुकूलित वर्ग पाहून यातले काहीच कळत नाही.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. महाराष्ट्रात परावैद्यक परिषद कायदा आहे आणि त्याखालची महाराष्ट्र परावैद्यक परिषद व्यावसायिकांची नोंदणी करते. त्यावर 2021 मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञांचा समावेश आहे. या कायद्याने दोन पायऱ्या ठरवल्या. दोन ते चार वर्षांत पसरलेल्या किमान 2,000 तासांच्या पदविकेला किंवा पदवीला एक दर्जा, तर तीन ते सहा वर्षांत पसरलेल्या किमान 3,600 तासांच्या पदवीला वरचा दर्जा. पुढेमागे पदांची नावे आणि पगाराच्या श्रेणी या दोन पायऱ्यांना जोडल्या गेल्या तर पदवीचे मोल वाढेल. आज तो अंदाजच आहे, आणि अंदाजावर काढलेले कर्ज बँक अंदाजाने फेडून घेत नाही.

मान्यता नसलेल्या प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी आणि वाईट आहे. परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या नावाने घरबसल्या डीएमएलटी मिळवून देणारी केंद्रे शहरांत बसस्थानकाजवळच्या गाळ्यांत वर्षानुवर्षे चालत आली. नोंदणी नाकारली गेली की असे प्रमाणपत्र केवळ कागद राहतो आणि त्यासाठी काढलेले कर्ज पूर्ण बुडीत जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये या राष्ट्रीय कायद्याखाली येणारे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. त्यामुळे आता पत्रव्यवहाराने मिळणाऱ्या लॅबच्या पदवीकडे वळण्याचे कारणच उरलेले नाही.

या बाबतीत बँकेचा एक अनपेक्षित उपयोग होतो. शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते, म्हणून शाखाधिकारी संस्थेची कागदपत्रे मागतो. ती मिळत नाहीत म्हणून कर्ज नाकारले गेले तर घरच्यांना अपमान वाटतो आणि मग सोने गहाण ठेवून किंवा पतसंस्थेतून पैसे उभे केले जातात. अशा वेळी बँकेचा नकार हीच फुकट मिळालेली तपासणी समजावी. गहाण सोन्यावरच्या कर्जाला मोरेटोरियम नसते. मुलगी पहिल्या वर्षात शिकत असतानाच घरात व्याजाचा तगादा सुरू होतो.

कर्ज काढायचेच ठरले तर ते हलके करण्याचे मार्ग आहेत, आणि ते प्रवेशाच्या वेळीच पाहावे लागतात. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्यांच्यासाठी केंद्राची व्याज अनुदान योजना मोरेटोरियमच्या काळातले सगळे व्याज भरते. मात्र संस्था नॅक किंवा एनबीए मूल्यांकित असावी लागते. वरच्या उदाहरणात ही सवलत मिळाली तर 1,80,000 रुपये साचतच नाहीत आणि दहा वर्षांचा हप्ता 8,326 वरून 5,947 रुपयांवर येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक, वरच्या क्रमांकाच्या संस्थांपुरती. छोट्या खाजगी पॅरामेडिकल संस्था त्या यादीत सहसा नसतात. अनुसूचित जातींच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. राज्याने 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी जाहीर केली. शिष्यवृत्तीचे आणि शुल्कमाफीचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरून जातात. निवडलेला अभ्यासक्रम आणि संस्था तिथल्या यादीत आहे की नाही, हे शुल्क भरण्याआधी पाहून घ्यावे, कारण व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला या सवलती बहुधा लागू होत नाहीत.

सवलत मिळत नसेल तर निदान परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याज भरत जावे. साडेचार लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला 1,250 रुपये, दुसऱ्या वर्षी 2,500 आणि तिसऱ्या वर्षापासून 3,750 रुपये पडते. तसे केल्यास मुद्दल फुगत नाही आणि एकूण भरण्यात लाखभर रुपये वाचतात. व्याज असे वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात एक टक्का सूटही देतात. मुलींना दरात अर्धा टक्का सवलत देणाऱ्या बँकाही आहेत. आयकराच्या कलम 80ई खालची सवलत मात्र एजंटच्या बोलण्यात जितकी मोठी असते तितकी इथे उपयोगाची नाही. वर्षाला दोन लाख मिळवणाऱ्या टेक्निशियनला आयकरच लागत नाही, तर त्यातून सूट कशाची?

स्वतःची लॅब काढून कर्ज फेडू, हा विचार या क्षेत्रात वारंवार ऐकू येतो. पूर्वी तो बऱ्याच जणांनी यशस्वी केला. आता त्याच्या आड कायदा आहे. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच लॅबच्या अहवालावर सही करावी. पुढे केंद्राच्या वैद्यकीय आस्थापना नियमांत अगदी प्राथमिक स्वरूपाच्या लॅबसाठी एमबीबीएस डॉक्टरची वाट मोकळी झाली, तरी टेक्निशियनच्या एकट्याच्या सहीवर अहवाल देण्याचा व्यवसाय कायद्याच्या पायावर उभा नाही. म्हणजे भाडे, रिएजंट आणि वीजबिल यांच्याबरोबर डॉक्टरचे मानधनही धरावे लागते. यंत्र कंपनीकडून रिएजंटच्या खरेदीवर फुकट मिळते खरे, पण महिन्याला ठरावीक रकमेचे रिएजंट घेण्याचा करार त्यासोबत येतो आणि रुग्ण कमी आले तरी तो पाळावा लागतो. शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असताना त्यावर लॅबचे दुसरे कर्ज चढवणे धोक्याचे आहे. काही वर्षे नोकरी करून पहिले कर्ज संपवलेल्या माणसाचा हाच विचार शहाणपणाचा ठरतो.

परदेशाचे गणितही अनुभवावर उभे आहे. आखाती देशांत जाण्यासाठी त्या त्या देशाची परवाना परीक्षा, कागदपत्रांची डेटाफ्लोसारखी पडताळणी आणि कामाचा अनुभव मागितला जातो. कोकणातून आणि मुंबईतून गेलेले टेक्निशियन बहुधा इथे काही वर्षे काम करूनच गेले. अमेरिकेत क्लिनिकल लॅब तंत्रज्ञांचे 2024 चे मध्यम वार्षिक वेतन सुमारे 62,000 डॉलर होते. हा आकडा रुपयांत गुणून कोणी वीस लाखांचे कर्ज काढायला निघाले तर त्याने आधी व्हिसा आणि प्रमाणन परीक्षा यांचा विचार करावा. तिथला पगार तिथे नोकरी करण्याचा परवाना मिळाल्यावरच मिळतो, आणि कर्जाचा हप्ता परवाना मिळो न मिळो, रुपयांत चालूच राहतो.

शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ज्या रुग्णालयात प्रशिक्षण होते त्याच्याशी झालेल्या कराराची प्रत, मागच्या तुकडीतल्या किती जणांची परावैद्यक परिषदेत नोंदणी झाली त्याचा आकडा, आणि चारही वर्षांचे पूर्ण शुल्क एका कागदावर, संस्थेच्या शिक्क्यासह. जी संस्था हे देण्यास टाळाटाळ करते, तिच्यासाठी कर्ज काढू नये.